ट्रॅक्टरचा डिझेल पंप खरंच गेलाय का? तपासणीपासून पंप उतरवण्यापर्यंत

पेरणी तोंडावर आलेली असते, किंवा कारखान्याला जाणारी उसाची खेप भरून तयार असते, आणि नेमका तेव्हाच ट्रॅक्टर लोड घेईनासा होतो. चढाला दम टाकतो, धूर सोडतो, नाहीतर सेल मारून मारून बॅटरी बसते आणि इंजिन काही पकडत नाही. भोवती जमलेल्या चार जणांपैकी तिघं सांगतात, "पंप गेला." मग पंप उतरतो, तालुक्याच्या गावी जातो, तिथे नंबर लागेपर्यंत ट्रॅक्टर शेडमध्ये उभा. पंप भरून (म्हणजे आतले घासलेले भाग बदलून) आला, बसवला, आणि ट्रॅक्टर पुन्हा तसाच. दोष टाकीतल्या गाळात किंवा दहा रुपयांच्या तांब्याच्या वॉशरमध्ये होता, हे पैसे गेल्यावर कळतं.

म्हणून एक गोष्ट पक्की धरून चला. डिझेल पंप हा सगळ्यात शेवटचा संशयित. त्याच्या आधीचं सगळं तपासून, हाताने खात्री करूनच त्याला हात लावायचा. आणि एकदा हात लावायचं ठरलं की मग दोन गोष्टींत तडजोड नाही: टायमिंगच्या (सिलिंडरला डिझेल नेमकं कधी मिळायचं त्या वेळेच्या) खुणा आणि स्वच्छता.

हा लेख जुन्या, साध्या यांत्रिक पंपाच्या ट्रॅक्टरसाठी आहे. आपल्याकडे शेतात चालणारे बहुतेक ट्रॅक्टर याच जातीचे. नवा कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) इंजिनाचा ट्रॅक्टर असेल तर खालचं काहीही करू नका. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना ट्रेम ४ हे धुराचे नियम लागू झाले, आणि त्यातल्या बऱ्याच इंजिनांत कॉमन रेल आली. तिथल्या पाइपमध्ये हजार बारच्या वर दाब असतो आणि सगळा कारभार संगणकावर चालतो. त्याचा नट सैल करून डिझेल येतंय का बघणं म्हणजे जिवाशी खेळ.

## १. आधी आपला पंप कुठल्या जातीचा ते ओळखा

जुन्या ट्रॅक्टरमध्ये पंप दोन प्रकारचे. पहिला इनलाइन. लांबट पेटीसारखा, आणि वर एका ओळीत जितके सिलिंडर तितके पाइप निघालेले. याला गावोगाव मायको पंप म्हणतात. मायको म्हणजे बॉशची भारतातली कंपनी. २००८ साली तिचं नाव बॉश लिमिटेड झालं, तरी बोलण्यात अजून मायकोच आहे. या पंपात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र प्लंजर (दट्ट्या) आणि बॅरल (त्याचं घर) असतं. त्या जोडीला पंपवाले एलिमेंट म्हणतात. पंपाच्या बुडाशी कॅमशाफ्ट, एका टोकाला गव्हर्नर (इंजिनाचा वेग आवरणारा) आणि बहुतेक वेळा कुशीला फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून आणणारा).

दुसरा रोटरी. आकाराने लहान, गोलसर, आणि मागच्या डोक्यातून सगळे पाइप वर्तुळात निघालेले. सीएव्ही किंवा डीपीए या नावाने तो ओळखला जातो. सिम्पसन इंजिनाच्या मॅसी ट्रॅक्टरवर हा खूप दिसतो. यात दाब देणारा प्लंजरचा संच एकच असतो आणि फिरणारा रोटर पाळीपाळीने प्रत्येक सिलिंडरला डिझेल वाटतो.

हा फरक का कळायला हवा? इनलाइन पंपाच्या कॅमला इंजिन ऑइलचं किंवा पंपातल्या वेगळ्या ऑइलचं वंगण मिळतं. रोटरी पंपाचं सगळं वंगण मात्र डिझेलच. त्यामुळे डिझेलमध्ये पाणी किंवा रॉकेल आलं, किंवा टाकी कोरडी होऊन पंप तसाच फिरत राहिला, की रोटरी पंप फार लवकर घासतो आणि कधी कधी जागच्या जागी जाम होतो. दोन्ही प्रकारांत प्लंजर आणि त्याच्या घराच्या मधली फट दोन-चार मायक्रॉनची असते. डोळ्याला न दिसणारा धुळीचा कणसुद्धा तिथे ओरखडा पाडू शकतो. पुढे स्वच्छतेबद्दल मी पुन्हा पुन्हा बोलेन, ते यासाठी.

## २. धूर आणि लक्षणं नीट बघा

ट्रॅक्टर चालू होत नसेल तर एकाला सेल मारायला बसवा आणि तुम्ही सायलेन्सरकडे बघा. सेल मारताना धूर अजिबात येत नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरा धूर येतोय पण इंजिन पकडत नाही, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. तेव्हा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधली हवेची दाबणी), नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं), टायमिंग किंवा डिझेलमधलं पाणी बघायचं. चालू इंजिनात लोडवर काळा धूर असेल तर पहिला संशय एअर फिल्टरवर घ्या, मग नोझलवर. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. त्याचा डिझेल पंपाशी सहसा संबंध नसतो.

पंप घासल्याची माझ्या मते सगळ्यात बोलकी खूण म्हणजे सकाळी थंड ट्रॅक्टर चटकन चालू होतो, पण दोन तास नांगरट करून बंद केला की गरम असताना पकडत नाही. गरम झालेलं डिझेल पातळ होतं आणि घासलेल्या एलिमेंटमधून निसटतं, नोझल उघडण्याइतका दाबच तयार होत नाही. जुन्या ट्रॅक्टरची नोझलसुद्धा साधारण २०० बारच्या आसपास किंवा त्याच्या वर उघडतात. मोटरसायकलच्या टायरमध्ये दोन-अडीच बार हवा असते, त्यावरून अंदाज घ्या.

अशा वेळी इंजिन बंद ठेवून पंपावर ओलं फडकं गुंडाळा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. पंप निवल्यावर ट्रॅक्टर लगेच पकडला तर संशय बळावतो. पण चालू इंजिनाच्या तापलेल्या पंपावर थंड पाण्याची बादली ओतू नका. बाहेरचं घर आकसतं, आतला भाग तापलेलाच राहतो आणि चांगला पंपही जाम होतो.

दुसरी महत्त्वाची खूण डिपस्टिकवर दिसते. इंजिन ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, बोटाला पातळ लागत असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. पंपाच्या शाफ्टचं ऑइल सील गेलेलं असू शकतं. पण डायफ्रामचा लिफ्ट पंप (हाही फीड पंपच) इंजिनाच्या अंगावर बसवलेला असेल तर फाटलेल्या डायफ्राममधूनही डिझेल खाली जातं, म्हणून तो आधी बघा. कारण काहीही असो, अशा स्थितीत ट्रॅक्टर चालवू नका. बेअरिंगं जातात, आणि पातळ झालेलं ऑइल सिलिंडरमध्ये ओढलं गेलं तर इंजिन स्वतःच्या मर्जीने पळत सुटतं.

## ३. पंपाच्या आधीचं सगळं तपासा

याच टप्प्यावर बहुतेकांचं काम होऊन जातं, म्हणून इथे घाई नको.

स्टॉपर. इंजिन बंद करायची वायर ओढल्यावर पूर्ण परत जाते का ते पंपाजवळ जाऊन डोळ्यांनी बघा. डॅशबोर्डवरची मूठ आत गेलेली दिसते, पण गंजलेल्या केबलमुळे पंपावरचा लिव्हर अर्ध्यावरच अडकलेला असतो. लिव्हर हाताने मागे ढकला आणि सेल मारून बघा. चावीने बंद होणारा ट्रॅक्टर असेल तर स्टॉप सोलेनॉइडला करंट येतो का ते टेस्ट लॅम्पने पाहा.

टाकी आणि डिझेल. टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं तर टाकीत पोकळी तयार होते आणि ट्रॅक्टर अर्ध्या तासाने बंद पडतो. झाकण सैल केल्यावर नीट चालला तर दोष सापडला. मग फिल्टरच्या खालच्या ड्रेनमधून काचेच्या स्वच्छ बाटलीत डिझेल काढा आणि पंधरा मिनिटं उन्हात ठेवा. पाणी असेल तर बुडाशी वेगळा थर दिसतो आणि बाटली तिरपी केली की तो थर डिझेलखाली वेगळाच सरकतो. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्रभर ठेवली की आतली वाफ थंड होऊन पाणी साचतं, म्हणून संध्याकाळी टाकी भरून ठेवायची. शेडमधल्या पिंपातलं डिझेल काढताना नळी पिंपाच्या तळाला टेकवू नका.

फिल्टर. दोन्ही फिल्टर, वाटीतली जाळी, फीड पंपाच्या तोंडची जाळी, सगळं बघा. फिल्टर शेवटचे कधी बदलले ते आठवत नसेल तर ते बदलायला झालेत असं समजा.

एअर. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपवर ओढ असते. तिथे जोड सैल असेल तर बाहेर डिझेल गळत नाही, उलट आत हवा शिरते. गळती दिसत नाही म्हणून माणूस फसतो. पंपाला जाणाऱ्या पाइपच्या जागी तात्पुरती पारदर्शक नळी लावली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. बँजो बोल्टचे (पाइप जोडणारे आतून पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर एकदा दाबले गेले की पुन्हा नीट बसत नाहीत. प्रत्येक वेळी नवे घाला.

डब्याची चाचणी. नवख्या माणसाने एकच चाचणी करायची असेल तर ही करा. पाच लिटरचा स्वच्छ डबा घ्या, त्यात ताजं गाळलेलं डिझेल भरा आणि पंपापेक्षा उंचावर घट्ट बांधा. नळी चालू इंजिनाच्या पंख्यापासून आणि सायलेन्सरपासून लांब ठेवा. डब्यातून नळी थेट पंपाच्या इनलेटला जोडा, एअर काढा (क्रम भाग ८ मध्ये आहे) आणि ट्रॅक्टर चालू करा. इथे नीट लोड घेतला तर पंप निर्दोष आहे. दोष टाकी, पाइप, फिल्टर किंवा फीड पंपात शोधा.

## ४. पंप आणि नोझल यातला दोषी कोण?

डब्याच्या डिझेलवरही सुधारणा नसेल तर आता दाबाच्या बाजूला या.

त्याआधी एक इशारा, आणि तो शब्दशः घ्या. नोझलमधून उडणारा डिझेलचा फवारा किंवा पाइपच्या चिरेतून येणारी बारीक धार कधीही हाताने चाचपू नका. ती कातडी भेदून आत जाते. वर सुई टोचल्याएवढी खूण दिसते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, पण काही तासांत बोट सुजतं आणि उशीर झाला तर बोट कापावं लागतं. असं झालं तर हळद लावून घरी बसायचं नाही. थेट मोठ्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की दाबाने डिझेल आत गेलंय. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरा आणि डोळ्यांना चष्मा लावा.

इंजिन चालू असेल पण मिसिंग करत असेल तर स्लो रेसवर एकेका नोझलच्या पाइपचा नट फडक्याआडून अर्धा फेरा सैल करा. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर इंजिनाच्या आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. आता इंजिन बंद करून त्याचं नोझल शेजारच्या सिलिंडरच्या नोझलशी बदला. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब. दोष तिथेच राहिला तर पंपाचं ते एलिमेंट, डिलिव्हरी व्हॉल्व (पाइपकडे गेलेलं डिझेल मागे येऊ न देणारी झडप), नाहीतर त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन. इनलाइन पंपात एकच सिलिंडर मरू शकतो. रोटरीत डोकं घासलं तर सहसा सगळेच सिलिंडर एकदम कमजोर होतात.

इंजिन चालूच होत नसेल तर सगळे नट सैल करून ॲक्सिलरेटर पूर्ण ओढून सेल मारा. प्रत्येक पाइपच्या तोंडाशी डिझेल उसळ्या मारत यायला हवं. पंपाच्या इनलेटला भरपूर डिझेल आहे, एअर काढलेली आहे, स्टॉपर मोकळा आहे, आणि तरीही एकाही पाइपला उसळी नाही, तर पंपात नक्की दोष आहे. पण पंपाचा शाफ्ट फिरतोय ना, तेवढं बघा. शाफ्टची की (गिअर अडकवणारी पाचर) तुटली किंवा गिअरचे बोल्ट सैल झाले तर चांगला पंपही मेल्यासारखा वागतो.

इनलाइन पंपाच्या कुशीला दोन स्क्रूंची पट्टी असते. ती काढली की आतल्या स्प्रिंगा, टॅपेट आणि रॅकची (डिझेल कमी-जास्त करणाऱ्या दांड्याची) हालचाल दिसते. तुटलेली स्प्रिंग लगेच नजरेत येते. ॲक्सिलरेटर आणि स्टॉपर हलवल्यावर रॅक लोण्यासारखा सरकला पाहिजे. पावसाळाभर उभ्या ठेवलेल्या ट्रॅक्टरमध्ये तो पाण्याने गंजून अडकतो, आणि फुल डिझेलवर अडकला तर इंजिन बंद होत नाही. असा पंप चालू करून बघू नका.

## ५. पाना हातात घेण्याआधीची जमवाजमव

ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर इथेच थांबा. पंपाचं शिशाचं सील तुटलं की वॉरंटीचा दावा अडचणीत येतो. सर्व्हिस बुक काढा आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरला कळवा.

वॉरंटी संपली असेल तर ही माहिती एका कागदावर लिहून ठेवा आणि फोटोही काढा:

- आरसी बुकावरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर
- ट्रॅक्टरचं मॉडेल आणि साल
- पंपाच्या अंगावरच्या पत्र्याच्या पट्टीवरचा पूर्ण नंबर, अक्षरांसह. एकसारखे दिसणारे दोन पंप आतून वेगळे असू शकतात. पट्टीवर रंग चढला असेल तर डिझेलच्या फडक्याने पुसा, खरवडू नका
- तुम्ही केलेल्या चाचण्या आणि त्यात दिसलेलं

हत्यारं: डबल एंड आणि रिंग पान्यांचा सेट (पाइपच्या नटांना बहुधा १७ किंवा १९ चा पाना लागतो), सॉकेट सेट, दुसऱ्या हातात धरायला वाढीव पाना, गिअर पुलर, टोकदार खिळा किंवा स्क्रायबर, नेलपॉलिश, प्लॅस्टिकची टोपणं नाहीतर स्वच्छ पॉलिथिन आणि रबर, ट्रे, ब्रश, धागे न सुटणारं सुती फडकं. पोत्याचा तुकडा वापरू नका, त्याचे तंतू आत जातात. आणि मदतीला एक माणूस, कारण इनलाइन पंप चांगलाच जड असतो.

## ६. पंप उतरवायचा क्रम

पायरी १: धुवा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. पंप, पाइपचे नट आणि आजूबाजूचा भाग डिझेल आणि ब्रशने धुवा, हवेने उडवा. एकही पाइप या आधी सोडायचा नाही. हे काम बांधावर, वाऱ्यात करू नका. शेडमध्ये, जमिनीवर पाणी शिंपडून करा.

पायरी २: बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, टाकीचा कॉक बंद करा, चाकांना ओंडके लावा. कुणी चुकून सेल मारू नये म्हणून चावी खिशात ठेवा.

पायरी ३: फोटो. चारही बाजूंनी. ॲक्सिलरेटरच्या काडीची कडी कुठल्या भोकात आहे, कुठला वॉशर कुठे आहे, इतक्या जवळून.

पायरी ४: पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेवर) आणा. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून सावकाश. रॉकरचं (व्हॉल्व दाबणाऱ्या दांड्यांचं) झाकण काढा. क्रँकच्या पुलीचा नट पान्याने इंजिनाच्या चालीच्या दिशेनेच फिरवा. समोरून बघताना ती घड्याळाच्या काट्याची दिशा असते. पुढे गेलात तर उलटं फिरवून खुणेवर आणू नका, गिअरच्या दात्यांमधल्या ढिलाईमुळे खूण चुकते. बराच मागे नेऊन पुन्हा पुढे या. नोझल काढलेली असतील तर इंजिन हलकं फिरतं.

फ्लायव्हीलच्या खिडकीतून टीडीसीची खूण समोर आली की अर्धंच काम झालं. ती खूण दोनदा येते, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टला. म्हणून पहिल्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर हाताने हलवा. दोन्ही किंचित खुळखुळले तर कॉम्प्रेशन. चार सिलिंडरच्या इंजिनात आणखी एक खात्री आहे. त्याची फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ असते, त्यामुळे पहिला कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर असताना चौथ्या सिलिंडरचे व्हॉल्व बदलाच्या मधल्या स्थितीत, एक मिटत आणि एक उघडत असतात. तीन सिलिंडरच्या इंजिनात ही युक्ती चालत नाही, तिथे पहिल्याच्या रॉकरवरच भरवसा ठेवा.

पायरी ५: खुणा. पंपाचा फ्लँज (इंजिनाला टेकणारी कड) आणि इंजिनाची प्लेट यांच्यावर कंपनीची खूण असते. ती जुळलेली नसली तरी घाबरू नका, आधीच्या मेस्त्रीने ॲडव्हान्स-रिटार्ड (टायमिंग लवकर किंवा उशिरा) केलेलं असेल. तुम्ही दोन्ही भागांवरून एकच सरळ रेघ खिळ्याने ओढा आणि वर नेलपॉलिश लावा. नुसत्या खडूची किंवा पेनाची खूण डिझेलने पुसली जाते. टायमिंगच्या झाकणाआडच्या गिअरवर आणि त्याच्या शेजारच्या गिअरवरही जुळणाऱ्या दात्यांना रंग लावा.

पायरी ६: पाइप सोडा. आधी फीडचे आणि रिटर्नचे, मग ॲक्सिलरेटरची काडी आणि स्टॉपर, असेल तर ऑइलचा पाइप. शेवटी दाबाचे पाइप. इनलाइन पंपावर पाइपच्या नटाखाली डिलिव्हरी व्हॉल्वचा होल्डर असतो. नट सोडताना तो होल्डर हळूच सोबत फिरतो आणि आतलं सील हलतं. म्हणून होल्डरला दुसरा पाना लावून घट्ट धरा आणि मगच वरचा नट फिरवा. दाबाचे पाइप दोन्ही टोकांनी पूर्ण काढा. एक टोक तसंच ठेवून पाइप वाकवून बाजूला सारायचा मोह होतो, पण वाकवलेला पाइप परत सरळ बसत नाही आणि पुढे तडकतो. प्रत्येक पाइपला नंबर बांधा आणि उघडं पडलेलं प्रत्येक तोंड त्याच क्षणी टोपणाने किंवा पॉलिथिनने बंद करा. पंप, पाइप आणि नोझल, तिन्हीकडची.

पायरी ७: गिअर. टायमिंगच्या घरावरचं लहान झाकण काढा. काही इंजिनांत, सिम्पसनच्या तीन सिलिंडरमध्ये उदाहरणार्थ, गिअर तीन बोल्टांनी पंपाला धरलेला असतो. ते बोल्ट काढले की गिअर टायमिंगच्या घरातच राहतो आणि पंप मागे सरकतो. दुसऱ्या इंजिनांत शाफ्टवर नट आणि की असते, तिथे पुलर लावावा लागतो. हातोड्याने शाफ्ट ठोकला तर आतलं बेअरिंग आणि गव्हर्नर जातो. बोल्ट सोडण्याआधी खालच्या पोकळीत फडकं कोंबा आणि सॉकेटमध्ये थोडं ग्रीस लावा, म्हणजे बोल्ट त्याला चिकटून बाहेर येतो. आत पडलेला वॉशर काढण्यासाठी कधी कधी पूर्ण टायमिंग कव्हर उतरवावं लागतं. फडकं परत काढल्याची खात्रीही करा.

पायरी ८: पंप बाहेर. सोबत्याला खालून पंप तोलायला सांगा. माउंटिंगचे नट एकदम न काढता थोडे थोडे सैल करा, मग पंप सरळ मागे ओढा. तिरका ओढला तर सील कापतं. मोकळ्या झालेल्या भोकावर पत्रा किंवा पॉलिथिन बांधा. मोठ्या अक्षरात "क्रँक फिरवू नका" लिहून स्टिअरिंगला चिकटवा. घरातली पोरं आणि मदतीला येणारे शेजारी या दोघांसाठीही ती पाटी लागते.

## ७. पंपवाल्याकडे जाताना

पंप उभा, टोपणं लावलेला, स्वच्छ गोणीत गुंडाळून न्या. नोझलही बरोबर न्या, कारण नुसता पंप भरून जुनी नोझल लावली तर पैसे अर्धे वाया जातात. शिशाचं सील तुम्ही तोडू नका, आणि "जरा जास्त पॉवर द्या" म्हणून डिझेल वाढवायला सांगू नका. काळा धूर वाढतो, पिस्टन तापतो, आणि बाकी काही मिळत नाही.

खोलायच्या आधी टेस्ट बेंचवर लावून दाखवायला सांगा. कुठला सिलिंडर किती डिझेल देतो ते मापाच्या काचेच्या नळ्यांमध्ये तुमच्यासमोर दिसतं. पंपाच्या नंबराप्रमाणे ठरलेलं माप असतं, त्याच्याशी ताडून मगच खर्चाचा अंदाज लिहून घ्या. एलिमेंट आणि डिलिव्हरी व्हॉल्व कुठल्या कंपनीचे घालणार ते बिलावर यायला हवं. जुने सुटे भाग परत मागा. चांगला पंपवाला यातल्या कशालाच नाही म्हणत नाही. जो बेंच दाखवायलाच टाळाटाळ करतो, त्याच्याकडे पंप सोडू नका.

## ८. परत बसवताना

पंप येईपर्यंतच्या दिवसांत टाकी उतरवून धुवा आणि दोन्ही फिल्टर नवे घाला. गाळ तसाच ठेवून नवा भरलेला पंप लावला तर तोच खर्च पुन्हा.

बसवायचा क्रम उलटा. क्रँक हलली नसेल तर रंगाचे दाते आणि फ्लँजवरची रेघ जुळवली की टायमिंग आपोआप येतं. हलली असेल तर पायरी ४ पुन्हा पूर्ण करा. तांब्याचे सगळे वॉशर नवे. इनलाइन पंपाला वेगळं ऑइल असेल तर ते सांगितलेल्या पातळीपर्यंत भरा. रोटरी पंप स्वच्छ डिझेलने भरूनच चालू करा, कोरडा फिरवू नका.

एअर काढताना टाकीकडून इंजिनाकडे या: पहिला फिल्टर, दुसरा फिल्टर, पंपाचा एअर स्क्रू, शेवटी नोझलचे नट. डीपीए पंपाला एअरचे दोन स्क्रू असतात, एक अंगावर आणि एक वरच्या गव्हर्नरच्या झाकणावर, दोन्ही सोडा. हँड प्रायमर दाबत राहा, फेस संपून सलग डिझेल आलं की स्क्रू बंद. सेल सलग मारत राहू नका, दहा-पंधरा सेकंदांनी थांबवून स्टार्टरला निवू द्या.

पहिल्यांदा चालू करताना एअर क्लीनरचा पाइप इंजिनाकडच्या बाजूने सोडून ठेवा आणि सोबत्याच्या हातात त्या तोंडावर बसेल अशी जाड फळी द्या. गव्हर्नर किंवा रॅक चुकीचा बसला असेल तर इंजिन एकदम वरच्या रेसवर पळतं, आणि तेव्हा हवा बंद करणं हाच उपाय उरतो. तळहात लावायचा नाही, फळीच. स्लो रेसवर चालू झाल्याबरोबर आधी स्टॉपर ओढून इंजिन बंद होतं का ते बघा, मगच पुन्हा चालू करून एअर क्लीनर जोडा. धूर, मिसिंग, गळती बघा, आणि लोडवर न्यायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं तसाच चालवा.

इंजिन कडक ठोकत असेल तर टायमिंग ॲडव्हान्स झालंय. पांढरा धूर आणि मंद ओढ असेल तर रिटार्ड. माउंटिंगचे नट सैल करून पंप अगदी एखादा मिलिमीटर फिरवून बघता येतो, पण तो इंजिन बंद असतानाच, आणि आपली मूळ रेघ न पुसता. दोन-तीन वेळा करूनही जमलं नाही तर स्पिल पद्धतीने (पंपातून डिझेल यायचं थांबतं तो क्षण बघून) टायमिंग लावणारा मेस्त्री बोलवा.

पहिल्या दिवसाचं काम झालं की थंड इंजिनावर माउंटिंगचे नट आणि सगळे बँजो पुन्हा तपासा, डिपस्टिक काढून ऑइलची पातळी आणि वास बघा, आणि फिल्टरच्या ड्रेनमधून पुन्हा एकदा बाटलीत डिझेल काढून उन्हात ठेवा.